साडेसोळा मात्रा

मफलर न सोडताच निळूभाऊ फणसे म्हणाले,
"याचं ते हलतं चित्र करून दे,
आपोआप फिरत राहणारं.
दादाची बोटं थरथरतात, बटण दाबवत नाही.
आवाज गेला तरी चालेल,
त्याला कुठे ऐकू येतंय आता."

लष्करातली जानेवारी.
दौलतगंजात आमच्या गल्लीत ऊन तीनला येतं, साडेतीनला जातं.
शेजारच्या कारखान्यात गजक कुटत होते,
दर घावाला माझ्या टेबलावरचा चहा शहारायचा.

क्लिप एकवीस सेकंदांची.
मधलं एक आवर्तन घेतलं, धा पासून धा पर्यंत,
माझ्या अंदाजाने.
मग आवाज काढला. तो एका टिचकीत जातो.
ग्वाल्हेरात हे करण्याआधी
कुणाच्या तरी पाया पडावं असं वाटलं,
पण गिऱ्हाईक समोर बसलेलं.

रंग दोनशे छप्पन्नच मावतात.
त्यांची मरून शाल
तिळाच्या वडीसारखी ठिपक्याठिपक्यांची झाली.
हे सांगायचं नसतं.

सेकंदाला बारा चित्रं.
एकूण नव्व्याण्णव. सोडलं फिरायला.

भाऊ पाहत होते, गुडघ्यावर बोट.
पहिली फेरी. दुसरी.
तिसऱ्या फेरीला बोट अधांतरी राहिलं.
"हे काय केलंस?"
"काय झालं?"
"साडेसोळा.
साडेसोळा मात्रांचा तीनताल आमच्या घरात नाही.
दादा परत पाठवील."

मी मोजलं. मात्रेला सहा चित्रं.
सोळा सक शहाण्णव.
वरची तीन.

त्या तीन चित्रांत
उजव्या कडेने एक हात आत येत होता,
दोन हिरव्या बांगड्या, कप, बशी.
"ह्या कोण?"
"तुझी काकू. काप.
ती नेहमी सम सोडूनच येते."

कापलं.
आता सांधा दिसत नाही.
समेला हात, समेवरून हात,
फक्त मागच्या भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर
दर फेरीला किंचित दचकतं.
त्याला तालीम कोणी दिलेली नाही.

देवासला पाठवलं.
दोन्ही खुणा निळ्या झाल्या.
भाऊ मफलर सोडून पुन्हा गुंडाळत राहिले.
वीस मिनिटांनी उत्तर आलं, पूर्णविराम नसलेलं:

चौदाव्या मात्रेला डावा उशिरा येतो आहे

त्यांनी वाचलं, मला वाचायला लावलं, परत वाचलं.
"हे तो एकोणसत्तर सालापासून म्हणतोय.
मी म्हणायचो, कान तपासून घे."

मग पडद्यावर वाकले, अगदी नाकाइतके जवळ.
तिं तिं ता, ता.
धिं.
पुन्हा.
मैफलीत चूक निघून जाते,
टाळ्यांत, खोकल्यात, पेटीच्या सुरात.
इथे ती आठ सेकंदांनी हजर.
शाल तीच, हात तोच,
आणि त्या हाताला लाज नाही.

"येतो," ते म्हणाले. "कागदाएवढा.
पण येतो."

मी हळूच विचारलं,
"तिथलं एक चित्र काढू का?
एकच. कुणाला कळणार नाही."
दोन आवर्तनं ते काही बोलले नाहीत.
"नको.
त्याने पाहिलंय आता."

चाळीस झाले होते, पन्नास दिले,
दहा परत घेतले, मोजून.
पायरी उतरताना डावा हात खिशात घातला,
थंडी होतीच तशी.

मी दुकान आवरलं, खिडकी मात्र बंद केली नाही,
कॉम्प्युटरमधली.
काकूंचा हात कचऱ्याच्या डब्यात पडून आहे,
तीन चित्रं, चहासकट.
डबा रिकामा करायचं राहतंय.

शेजारी रात्रपाळी लागली.
मोगरी आपल्याच लयीत पडते, ताल वगैरे नाही तिला.
तरी मधूनच एखादा घाव
नेमका चौदाव्यावर येतो,
तितकाच उशिरा.